काजळी धरलेल्या भिंती: यावनेच्या रब्बींचं पोट कशावर चालायचं, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या केसमध्ये नावं बदललेली नाहीत, १९०० वर्षं होऊन गेली, आता कोणी तक्रार करायला येणार नाही. गोष्ट ताल्मूदमधली आहे, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या ग्रंथातली. ताल्मूद दोन आहेत, एक गालीलकडे तयार झालेला (नाव मात्र जेरुसलेमचं) आणि दुसरा बाबिलोनचा, दोन्हीत ही गोष्ट येते, तपशील थोडे वेगळे, आणि दोन्ही ग्रंथ घटनेनंतर काही शतकांनी पुरे झालेले, त्यामुळे पोलिस पंचनामा समजून वाचू नका. पण पैशाचा जो मुद्दा मला सांगायचाय त्यावर दोन्ही ग्रंथ एकच बोलतात.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. धर्म, राज्य वगैरे सगळे बोलतात, पण मंदिराबरोबर कितीतरी लोकांची रोजीरोटी गेली हे सांगायचं राहून जातं. मंदिरात पुरोहित होते, लेवी (मंदिराच्या सेवेतल्या कुळातले लोक) होते, लेवींमध्ये दारं सांभाळणारे वेगळे आणि गाणारे वेगळे, एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. जेरुसलेममधल्या काही न्यायाधीशांना तर मंदिराच्या खजिन्यातून ९९ माने पगार मिळायचा असं ताल्मूद सांगतो, एक माने म्हणजे १०० दिनार. हे सगळं एका उन्हाळ्यात संपलं.

आपला मुख्य माणूस रब्बी येहोशुआ बेन हनन्या हा या गाणाऱ्या लेवींपैकी. एकदा दारं बंद करायला हात लावायला गेला तर दुसऱ्या लेवीने त्याला सरळ परत पाठवलं, बाबा तू गायकांतला, दारवाल्यांतला नाहीस. वेढा पडलेला असताना गुरू योहानान बेन झक्काय यांना मेल्याचं सोंग करून शवपेटीत घालून शहराबाहेर काढलं, ती पेटी उचलणाऱ्यांत हा होता. मग समुद्राकडच्या यावने गावात नवं विद्यापीठ उभं राहिलं (ते लोक त्याला अभ्यासगृह म्हणायचे), आणि योहानाननंतर तिथला प्रमुख झाला रब्बान गमलीएल. बायबल वाचणाऱ्यांना पौलाचा गुरू गमलीएल माहीत असेल, तो याचा आजोबा. जुनं वजनदार घराणं, शेती होती, शेती कसणारी कुळं होती, कुळांना तो पेरणीसाठी गहू उधार द्यायचा आणि वसूल करताना भाव चढला असो की पडला, सगळ्यात स्वस्त पडेल तो भाव लावायचा, त्याबद्दल मिश्नामध्ये (ताल्मूदचा जुना गाभा) त्याचं कौतुक आहे. म्हणजे माणूस कंजूष किंवा दुष्ट अजिबात नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पगाराचं. नियम असा की तोराह (ज्यूंचं धर्मशास्त्र) शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत. मोशेच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे, मला फुकट मिळालं, तुम्हीही फुकट द्या. रब्बी त्झादोक म्हणायचा की या विद्येची कुदळ करून खणायला घेऊ नका. मग खायचं काय? तर हाताला काम. बापाने मुलाला तोराह शिकवायची, लग्न लावून द्यायचं आणि धंदा शिकवायचा, आणि रब्बी येहुदा तर म्हणतो ज्याने मुलाला धंदा शिकवला नाही त्याने त्याला चोरी शिकवली. त्यामुळे ताल्मूदमधली नावंच बघा, योहानान चांभार (अक्षरशः तेच आडनाव लागलंय, हा-सांदलार, चपला करणारा), यित्झाक लोहार, योसे कातडं कमावणारा, मेइर लेखनिक. पौलसुद्धा तंबू शिवायचा. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा घाणा शनिवारी बंद असायचा म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, तीही ज्यू ओळख धंद्याच्या नावानेच पडली, पण ते वेगळं प्रकरण.

पळवाटा होत्याच. शाळेत मुलं सांभाळण्याचे पैसे घेता यायचे, शिकवण्याचे नाही, किंवा वाचनाचे सूर आणि विराम शिकवण्याचे घेता यायचे. न्याय करायचे पैसे घेतले तर तो निकालच रद्द, पण तेवढा वेळ स्वतःचं काम बुडालं त्याची भरपाई चालायची.

समस्या

एका विद्यार्थ्याने येहोशुआला विचारलं, रात्रीची प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक? तो म्हणाला ऐच्छिक. तोच विद्यार्थी गमलीएलकडे गेला, तेच विचारलं, उत्तर आलं सक्तीची. पोरगं म्हणालं, पण येहोशुआ तर ऐच्छिक म्हणाले. (हा पोरगा म्हणजे पुढचा प्रसिद्ध शिमोन बार योहाय.) गमलीएल म्हणाला थांब, ढालवाले आत येऊ देत, ढालवाले म्हणजे वादाला बसणारे मोठे विद्वान. सगळे जमल्यावर प्रश्न पुन्हा विचारला गेला, गमलीएलने उत्तर दिलं सक्तीची, आणि मग सगळ्यांना विचारलं, कोणाचं वेगळं मत आहे का?

येहोशुआ म्हणाला, नाही.

इथे मी प्रत्येक वेळी थांबतो. वयाने आणि विद्येने सीनियर माणूस, स्वतःचं मत सगळ्यांसमोर नाकारतोय. मग गमलीएल म्हणाला, "येहोशुआ, उभा राहा, तुझ्याविरुद्ध साक्ष होऊ दे." मूळ अरामी-हिब्रू संवादात नावाच्या आधी रब्बी नाही, नुसतं येहोशुआ. मराठीत आणताना एकेरीशिवाय दुसरं काही जमतच नाही. तो उठला आणि म्हणाला, मी जिवंत आणि तो विद्यार्थी मेलेला असता तर जिवंत माणूस मेलेल्याला खोटं पाडू शकला असता, आता दोघंही जिवंत आहोत, कसं खोटं पाडू. आणि गमलीएलने पाठ चालू ठेवला, स्वतः बसून, येहोशुआ उभाच. त्या काळी शिकवणारा हळू बोलायचा आणि शेजारचा निवेदक मोठ्याने सांगायचा, जिवंत लाउडस्पीकर, इथे त्याचं नाव हुझपित. शेवटी लोक कुजबुजायला लागले आणि हुझपितला ओरडले, बस कर! तो थांबला. लाउडस्पीकरच बंद केला की मीटिंग संपली.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. गेल्याच वर्षी नव्या महिन्याच्या चंद्रावरून वाद झाला होता, येहोशुआच्या हिशोबाने योम किप्पूर ज्या दिवशी पडत होता त्याच दिवशी गमलीएलने त्याला हुकूम सोडला, हातात काठी आणि कमरेला पैसे घेऊन माझ्याकडे ये. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी, ज्या दिवशी पैशाला हातही लावायचा नाही, त्या दिवशी. तो गेला. गमलीएलने उठून त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, विद्येत माझे गुरू आणि हुकूम पाळलात म्हणून माझे शिष्य असं म्हणाला, छान झालं, पण आधी नाक घासायला लावलंच ना. जनावराच्या पहिल्या पिल्लाच्या नियमावरूनही असंच एकदा उभं केलं होतं. तिसऱ्या वेळी लोकांचा बांध फुटला.

पर्याय

गमलीएलला पदावरून काढायचं हे ठरलं, बसवायचं कोणाला?

येहोशुआ? नको, तोच वादाचा एक पक्ष, गमलीएलला दुप्पट झोंबेल. अकिवा? सगळ्यात हुशार, पण मागे घराणं नाही, काही बाधलं तर पूर्वजांची पुण्याई आडवी येणार नाही. जेरुसलेमच्या ताल्मूदात अकिवा स्वतः यावर बोलतो, तो माझ्यापेक्षा शिकलेला आहे असं नाही हो, मोठ्यांचा मुलगा आहे, ज्याला टांगायला खुंटी आहे तो सुखी. कडवट आहे पण खरं आहे.

उरला एलाझार बेन अझर्या. ज्ञानी, श्रीमंत, आणि एझ्रापासून (बायबलमधला धर्मशास्त्री) दहावी पिढी. ताल्मूद तिन्ही गुणांचा हिशोब देतो, ज्ञानी म्हणजे प्रश्नाला उत्तर देईल, दहावी पिढी म्हणजे पूर्वजांचं पाठबळ, आणि श्रीमंत का, तर कैसरच्या (रोमन सम्राटाच्या) दरबारी जावं लागलं तर हाही जाऊ शकेल. म्हणजे पोस्टला पगार नाहीच, उलट पोस्ट सांभाळायला खिशातून घालावे लागतात. एलाझारच्या कळपातून वर्षाला १२,००० वासरं दशमांशात जायची असं सांगतात, आकड्यावर विश्वास ठेवा न ठेवा, श्रीमंती कळते. आणि हे लक्षात घ्या, एकाही माणसाने असं विचारलं नाही की गरीब माणूस प्रमुख व्हायचा असेल तर खर्चाचं काय करता येईल. श्रीमंत शोधणं सोपं पडलं.

एलाझारने घरी जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्हालाही उद्या काढतील. तो म्हणाला, भारी पेला एक दिवस का होईना वापरून घ्यावा, उद्या फुटला तर फुटला. ती म्हणाली, तुमच्या डोक्यात पांढरा केस नाही. वय १८, दुसऱ्या ताल्मूदात १६. चमत्कार झाला आणि केसांच्या १८ ओळी पांढऱ्या झाल्या म्हणे. इंटरव्ह्यू घरातच झाला आणि दोन्ही प्रश्न बायकोनेच काढले, मला ती या केसमधली सगळ्यात व्यवहारी व्यक्ती वाटते.

काय केलं

त्याच दिवशी पहिला बदल, दारावरचा दरवान हटवला. गमलीएलचा नियम होता, ज्याचं आत बाहेर सारखं नाही त्याने आत येऊ नये. आता दार उघडं. किती बाकं वाढली? एक म्हणतो ४००, दुसरा म्हणतो ७००. जेरुसलेमवाल्यांचे आकडे कमी आहेत, ८० किंवा ३००, पण कुंपणामागे उभे राहणारे वेगळे.

हा दरवान फक्त शिस्तीचा विषय नव्हता असं माझं मत. हिल्लेल नावाच्या मोठ्या गुरूची जुनी गोष्ट आहे, यावनेच्या खूप आधीची, तो मजुरी करायचा, दिवसाला एक त्रोपाइक (एक नाणं) कमाई, त्यातला अर्धा अभ्यासगृहाच्या दरवानाला आणि अर्ध्यात घर. एक दिवस काम मिळालं नाही, दरवानाने आत घेतलं नाही, मग हा छपरावर चढून झरोक्याला कान लावून बसला, बर्फ पडलं, सकाळी आत अंधार का म्हणून लोकांनी वर पाहिलं तर झरोक्यात माणसाची आकृती. यावनेच्या दारात पैसे घ्यायचे असं कुठे लिहिलेलं नाही, पण दार म्हटलं की ऐकणाऱ्याला हिल्लेलच आठवणार.

गमलीएलने इथे एक चांगली गोष्ट केली, आणि ती मोठी आहे. रुसून घरी बसला नाही. पदावरून काढलं त्याच दिवशी तो अभ्यासगृहात साध्या सभासदासारखा बसून राहिला, एका अम्मोनी (शेजारच्या परक्या जमातीच्या) माणसाला समाजात घ्यायचं की नाही यावर येहोशुआशी वाद घातला, आणि सगळ्यांसमोर हरला. मग म्हणाला, असं आहे तर जातो आणि त्यांची समजूत काढतो.

भिंती

तो येहोशुआच्या घरी गेला. भिंती काळ्या. धूर बसून बसून होतात तशा. गमलीएल म्हणाला, "तुमच्या घराच्या भिंतींवरून दिसतंय तुम्ही पेहामी आहात." पेहामी म्हणजे कोळसे पाडणारा, काहीजण लोहार म्हणतात. जेरुसलेमच्या ताल्मूदात भिंती नाहीत, तिथे येहोशुआ बसून सुया करत असतो, आणि गमलीएल विचारतो, यावर तुमचं चालतं?

विचार करा, कितीतरी वर्षं एकाच अभ्यासगृहात बसताय, माणसाच्या हिशोबाने योम किप्पूर कुठल्या दिवशी पडतो हे तुम्हाला पाठ आहे, आणि तो संध्याकाळी घरी जाऊन काय करतो हे माहीत नाही.

येहोशुआ म्हणाला, "तुम्ही ज्या पिढीचे पुढारी आहात त्या पिढीची दैना आहे, विद्वानांचे हाल तुम्हाला माहीत नाहीत, ते कशावर पोट भरतात, काय खातात." मूळ वाक्यात पुढाऱ्याला शब्द आहे पर्नास आणि पोट भरण्याला त्याच धातूतला शब्द, पर्नासा म्हणजे रोजीरोटी. म्हणजे पदाच्या नावातच काम लिहिलेलं होतं, पोसणारा, आणि येहोशुआने नेमकं तेच नाव घेऊन दाखवलं.

गमलीएल म्हणाला, चुकलो, माफ करा. येहोशुआने लक्षच दिलं नाही. मग गमलीएल म्हणाला, माझ्या वडिलांच्या मानासाठी तरी. तेव्हा तो विरघळला. मला हे थोडं खटकतं, कारण माफी मिळाली ती परत घराण्याच्या नावावर. भट्टीबद्दल पुढे एक शब्द नाही.

तडजोड

समेट झाल्याचा निरोप घेऊन अभ्यासगृहात कोण जाणार, तर एक धोबी म्हणाला मी जातो. ताल्मूद त्याचं नाव देत नाही. कोळसेवाल्याच्या घरातून धोबी निघाला, निरोप काय, तर ज्याचा झगा (म्हणजे पद) आहे त्याने तो घालावा, ज्याचा नाही त्याने दुसऱ्याला काढ म्हणू नये. कपड्यांचा निरोप धोब्याकडून, कोणीतरी हसत लिहिलं असणार. अकिवाने दारं बंद करायला लावली, गमलीएलचे नोकर येऊन त्रास देतील म्हणून. शेवटी येहोशुआ स्वतः गेला, दार वाजवलं. अकिवा म्हणाला, रब्बी येहोशुआ, तुमची समजूत निघाली का, आम्ही हे तुमच्याच मानासाठी केलं होतं.

मग अडचण अशी की एलाझारला काढणार कसं, एकदा वर चढवलेल्याला खाली आणायचं नाही असा दंडक. एक आठवडा हा आणि एक तो? मत्सर होईल. मग ठरलं, तीन आठवडे गमलीएल आणि चौथा एलाझार. सगळ्यांची इज्जत राहिली. दोन श्रीमंतांमध्ये वाटणी झाली, आणि ज्याच्यावरून सगळं पेटलं त्याला वेळापत्रकात एकही आठवडा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं वळण अभ्यासगृहातलं. खाजगीत बोलून मिटणारं होतं. गमलीएलची बाजू अशी की मंदिर गेलेलं, प्रत्येकजण वेगळं बोलला तर समाज फुटेल, आणि ही भीती खोटी नव्हती. पण माणूस चुकलाय हे दाखवणं आणि माणसाला उभं ठेवणं यात फरक आहे.

दुसरं, आणि माझ्यासाठी मुख्य, पैशाचं. लोक म्हणतात त्या काळी पर्यायच नव्हता, शिकवणं फुकटच. मग हे बघा, मिश्नामध्ये लिहिलंय की याच यावनेत इला नावाचा एक जाणकार होता, पहिल्या पिल्लात व्यंग आहे का हे तपासायचा, आणि विद्वानांनी त्याला फी घ्यायची परवानगी दिली होती, शेळीमेंढीला चार इस्सार (छोटं नाणं), मोठ्या जनावराला सहा, आणि खुबी ही की निकाल काहीही लागो, फी तीच, म्हणजे पैशासाठी निकाल वाकवायचा मोह नको. त्याच गावात, चालू असलेली सिस्टीम. ती येहोशुआपर्यंत नेणं अवघड नव्हतं असं मला वाटतं.

वर्गणीसुद्धा होती. एलिएझेर, अकिवा आणि हाच येहोशुआ अंत्युखिया (सीरियाकडचं मोठं शहर) च्या बाजूला विद्वानांसाठी फंड गोळा करायला जायचे. तिथे अब्बा युदान नावाचा दाता होता, धंदा बुडाला, एकच शेत उरलं, बायको म्हणाली अर्धं विका आणि द्या, त्याने दिलं. म्हणजे येहोशुआ दुसऱ्यांसाठी झोळी घेऊन फिरायचा आणि घरी येऊन भट्टी पेटवायचा. हा त्याचा स्वाभिमान की त्याला कोणी विचारलंच नाही, दोन्ही थोडंथोडं असेल. लेखनिक मेइर आठवड्याला तीन सेला (चांदीची नाणी) कमवायचा, एक खाण्याला, एक कपड्याला, एक इतर विद्वानांना, ही वाटणी मला सगळ्यात स्वच्छ वाटते, पण तिला आधी तीन सेला लागतात.

नंतर बाबिलोनमध्ये वेगळीच सोय निघाली, विद्वान माल घेऊन आला तर आधी त्याचा माल विकू द्यायचा, बाकीच्यांनी थांबायचं. पण मग खरा विद्वान कोण हे तपासावं लागतं. दिमी नावाचा एकजण होडीतून सुकी अंजिरं घेऊन आला, त्याची परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, हत्तीने वेताची टोपली गिळली आणि मागून बाहेर टाकली तर ती अजून टोपलीच समजायची का? त्याला उत्तर आलं नाही, बाजार मिळाला नाही, अंजिरं बुडाली. सवलत आली की तिची परीक्षा येते, आणि परीक्षक आला की त्याचा मूडही येतो.

गमलीएल काहीच शिकला नाही असंही नाही. एकदा दोघं एका जहाजावर होते, गमलीएलने भाकरी घेतलेली, येहोशुआने भाकरी आणि वर पीठ. प्रवास लांबला, भाकरी संपली, दोघं पिठावर जगले. तुम्हाला कसं कळलं उशीर होणार? येहोशुआ म्हणाला, एक तारा आहे, ७० वर्षांत एकदा उगवतो आणि खलाशांना चकवतो, वाटलं या वेळी येईल. गमलीएल म्हणाला, एवढी विद्या आणि पोटासाठी जहाजावर चढता? येहोशुआ म्हणाला, माझं नवल करण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या तुमच्या दोन शिष्यांचं करा, एलाझार हिस्मा आणि योहानान बेन गुदगदा, समुद्रात थेंब किती हे मोजू शकतात आणि खायला भाकरी नाही, अंगावर कपडा नाही. उतरल्यावर गमलीएलने दोघांना पद द्यायला बोलावलं. ते संकोचाने आले नाहीत, परत बोलावलं, म्हणाला, तुम्हाला वाटतंय मी सत्ता देतोय? गुलामी देतोय. या वेळी सांगणारा होता आणि ऐकणाऱ्याने ऐकलं. येहोशुआने स्वतःसाठी मात्र तिथेही काही मागितलं नाही.

नंतर

येहोशुआ पेकिइन गावी असायचा. एकदा दोन शिष्य भेटायला गेले, त्यातला एक तोच एलाझार हिस्मा. त्याने विचारलं, आज अभ्यासगृहात नवीन काय झालं? ते म्हणाले, आम्ही तुमचेच शिष्य, तुमचंच पाणी पितो, तुम्हाला काय सांगणार. तो म्हणाला, तरी नवीन काहीतरी झाल्याशिवाय राहत नाही, हा आठवडा कोणाचा होता?

एलाझार बेन अझर्यांचा, ते म्हणाले.